रोटेक्सच्या स्थानिक गटाची जबाबदारी घेताना: नव्या स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शक

रोटरी युथ एक्स्चेंजमधून शैक्षणिक वर्ष परदेशात काढून परतलेल्या मुलामुलींच्या गटाला जगभर ‘रोटेक्स’ म्हणतात. या देवाणघेवाणीची सुरुवात १९२७ मध्ये फ्रान्समधील नीस येथील रोटरी क्लबने केली. आज १५ ते १९ वयोगटातील विद्यार्थी या योजनेतून दुसऱ्या देशात जातात, तिथल्या कुटुंबांत राहतात आणि तिथल्या शाळेत शिकतात. तुम्ही असे वर्ष पूर्ण करून परतला असाल, तुमचे वय अठराच्या पुढे असेल आणि ‘आपल्या शहरातला रोटेक्सचा गट आता तू सांभाळ’ असे क्लबमधल्या कोणी सुचवले असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

बहुतेक नवे गटप्रमुख पहिल्याच महिन्यात सहल, स्नेहसंमेलन आणि टी-शर्ट यांच्या नियोजनात गुंततात. ही कामे आनंदाची आहेत, पण काही वर्षे हे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की गटप्रमुखाचे खरे काम संपर्काचे आहे. परदेशातून आपल्याकडे आलेले ‘इनबाउंड’, आपल्याकडून जाणारे ‘आउटबाउंड’ आणि नुकतेच परतलेले ‘रिबाउंड’ अशा तिन्ही मुलांशी वर्षभर, ठरलेल्या वेळी आणि न कंटाळता बोलत राहणारा माणूस गटात असला, की एरवी चिघळणाऱ्या बऱ्याच गोष्टी वेळेत लक्षात येतात. पुढील पायऱ्या हेच काम डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

१. निर्णय कोणाचा, हे आधी समजून घ्या

रोटरीची रचना डिस्ट्रिक्टनुसार, म्हणजे क्रमांक दिलेल्या विभागांनुसार चालते. पुणे ३१३१ मध्ये, मुंबई ३१४१ मध्ये, तर कोल्हापूर आणि गोवा ३१७० मध्ये येतात. विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करण्यासाठी डिस्ट्रिक्टला रोटरी इंटरनॅशनलचे प्रमाणपत्र आवश्यक असते आणि मुलांच्या सुरक्षिततेची अंतिम जबाबदारी डिस्ट्रिक्टच्या युथ एक्स्चेंज समितीवर असते. क्लबच्या पातळीवर युथ एक्स्चेंज ऑफिसर असतो. प्रत्येक इनबाउंड मुलासाठी एक कौन्सेलर, म्हणजे त्याचा सल्लागार नेमलेला असतो आणि तो यजमान कुटुंबातला नसावा असा नियम आहे, कारण त्या घराविषयीची अडचण मुलाला मोकळेपणाने सांगता आली पाहिजे.

या साखळीत रोटेक्सला अधिकार नाहीत. घर बदलणे, प्रवासाला परवानगी देणे, शाळा बदलणे, मुलाला मायदेशी परत पाठवणे यांपैकी एकही निर्णय तुमचा नाही. नेमका इथेच पहिला सापळा असतो. तुम्ही वयाने जवळचे असता, त्यामुळे ‘मी मैत्रिणीसोबत दोन दिवस गोव्याला जाऊ का?’ हा प्रश्न कौन्सेलरऐवजी तुम्हाला विचारला जातो. अशा वेळी ‘माझी काही हरकत नाही’ हे सहज उच्चारलेले वाक्यसुद्धा मुलाच्या दृष्टीने परवानगी ठरते. घराबाहेर राहण्याच्या प्रवासासाठी मूळ पालकांची लेखी संमती आणि समितीची मान्यता लागते. तुम्ही मुलाला कौन्सेलरशी जोडून द्यायचे आणि तिथेच थांबायचे.

रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. १ जुलैला क्लबचे अध्यक्ष, सचिव आणि डिस्ट्रिक्टचे प्रांतपालही बदलतात. गेल्या वर्षी कोणी काय कबूल केले होते, हे नव्या पदाधिकाऱ्यांना ठाऊक असेलच असे नाही. म्हणून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात वेळ मागून त्यांना भेटा आणि तुमच्या गटाने कोणती कामे करावीत अशी त्यांची अपेक्षा आहे, हे ईमेलवर लिहून घ्या.

२. स्वतःची पडताळणी पूर्ण करा

तुम्ही स्वतः कालपर्यंत विद्यार्थी होता, तरी आता अल्पवयीन मुलांसोबत काम करणारे प्रौढ स्वयंसेवक आहात. रोटरीच्या नियमांनुसार अशा प्रत्येकाचा अर्ज, मुलाखत, संदर्भ-चौकशी, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी आणि प्रशिक्षण झालेले असावे लागते. ‘आपलाच मुलगा आहे, त्याला काय विचारायचे’ असे म्हणून क्लबमधले ज्येष्ठ हे टाळायला निघाले, तरी तुम्ही आग्रह धरा. ही तपासणी मुलांचे रक्षण करते आणि उद्या शंका उपस्थित झाली तर तुमचेही करते. पुढील कागद एका फाइलमध्ये एकत्र ठेवा:

- आधार कार्ड आणि पासपोर्ट यांच्या प्रती
- पोलिसांकडून मिळणारे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र
- डिस्ट्रिक्टचा स्वयंसेवक अर्ज आणि आचारसंहितेवरील तुमची सही
- नातेवाईक नसलेल्या आणि तुम्हाला चांगले ओळखणाऱ्या व्यक्तींची संदर्भपत्रे
- तुमचे स्वतःचे एक्स्चेंज वर्ष पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र
- प्रशिक्षणाला हजर असल्याची नोंद

गटातील जो सभासद इनबाउंड मुलांना भेटणार आहे, त्या प्रत्येकाने हे केले पाहिजे. ज्यांची पडताळणी बाकी आहे त्यांना जमाखर्च, छायाचित्रे किंवा आउटबाउंड मुलांच्या पालकसभेची तयारी अशी कामे द्या.

३. गट, पैसे आणि माहिती यांची घडी बसवा

सुरुवातीला मोठा गट लागत नाही. नियमित येणारे चार-पाच जण पुरतात. त्यांत मुली आणि मुलगे दोघेही असावेत, आणि शक्य असल्यास ते वेगवेगळ्या देशांत राहून आलेले असावेत. ब्राझीलला गेलेल्या मुलाचे अनुभव आणि जर्मनीला गेलेल्या मुलीचे अनुभव फार वेगळे असतात. प्रत्येक इनबाउंडमागे एक ठरावीक सभासद नेमा आणि त्याला पर्यायही ठरवून ठेवा, कारण परीक्षेच्या दिवसांत एक जण हमखास गायब होतो.

पैशांविषयी माझा सल्ला स्पष्ट आहे: गटाचे पैसे कोणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका. सहलीची वर्गणी दोनशे रुपये असली तरी ती तुमच्या गटाच्या पाठीशी असलेल्या रोटरी क्लबच्या खात्यातून जावी आणि तिची पावती मिळावी. परदेशातले तुमचे जुने होस्ट वडील प्रेमाने ‘तुमच्या उपक्रमासाठी थोडे पैसे पाठवतो’ म्हणतील, तेव्हा विशेष सावध राहा. संस्थेच्या किंवा गटाच्या कामासाठी परदेशातून येणाऱ्या रकमेला परकीय योगदान (नियमन) कायदा, २०१० लागू होतो. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच अशी रक्कम घेता येते आणि तीही नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात. आभार माना आणि विषय क्लबच्या खजिनदारांकडे सोपवा.

मुलांचे पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याचे कागद व्हॉट्सॲपच्या मोठ्या समूहात कधीही टाकू नका. छायाचित्रे प्रसिद्ध करण्याआधी मूळ पालकांची संमती समितीकडे आहे का, ते विचारा.

४. इनबाउंड मुलांचे पहिले आठवडे

उत्तर गोलार्धातून येणारी मुले साधारणपणे ऑगस्टमध्ये पोहोचतात, म्हणजे भर पावसात आणि गणेशोत्सवाच्या तोंडावर. आपल्याला हा काळ उत्साहाचा वाटतो. नुकत्याच आलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला मात्र ढोल-ताशांचा आवाज, गर्दी, दमट हवा आणि न समजणारी भाषा हे सगळे एकदम अंगावर येते. विसर्जन मिरवणुकीला थोड्या वेळासाठी, दिवसाउजेडी आणि छोट्या गटाने न्या. कोणत्या मुलासोबत कोण आहे, हे घरातून निघण्याआधीच ठरवा.

कायदेशीर बाबी क्लब पाहतो, पण त्या झाल्या आहेत का हे विचारण्याचे काम तुम्ही करू शकता. घरी परदेशी नागरिक राहायला आल्याची माहिती यजमानाने २४ तासांत ऑनलाइन कळवायची असते. १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना भारतात आल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते आणि हे काम ई-एफआरआरओ या संकेतस्थळावरून होते. पहिल्या आठवड्याच्या धावपळीत दिवस भराभर निघून जातात, म्हणून मूल विमानतळावर उतरले त्याच दिवशी १४ दिवसांची तारीख कौन्सेलरला आठवण म्हणून पाठवा.

याच दिवसांत आपल्याकडे डेंग्यूचा जोर असतो. ताप आला तर ‘हवाबदलामुळे झाले असेल’ म्हणून घरीच थांबू नये. डॉक्टरांना दाखवून ते सांगतील ती रक्ततपासणी करावी, असे यजमान कुटुंबाला आधीच सांगून ठेवा. मुलाच्या विम्याचे कार्ड कुठे आहे, हे घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला माहीत असले पाहिजे.

भाषेची सुरुवात मी नेहमी देवनागरी अंकांपासून करतो. शून्य ते नऊ हे अंक ओळखता आले, की बसचा क्रमांक वाचता येतो, भाजीवाल्याच्या पाटीवरचा भाव कळतो आणि मुलाला शहर आपल्या आवाक्यात आल्यासारखे वाटू लागते. त्यानंतर ‘पुरे’, ‘तिखट नको’, ‘मला कळले नाही’ आणि ‘मी जाऊन येते’ ही वाक्ये शिकवा.

‘पुरे’ हा शब्द फार कामाचा आहे, कारण पहिले गैरसमज जेवणाच्या ताटावरच होतात. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करणे हा मायेचा भाग आहे. बाहेरून आलेल्या मुलाला मात्र तिसरी पोळी म्हणजे सक्ती वाटते, आणि त्याने ताट मागे सारले की घरातल्या काकूंना वाटते, आपले जेवण त्याला आवडले नाही. दोन्ही बाजूंचा हेतू चांगला असूनही महिनाभरात अबोला धरला जातो. खोलीच्या बंद दाराचेही तसेच होते. अनेक युरोपीय घरांत दार लावून बसणे ही रोजची साधी सवय असते. आपल्याकडे बंद दार म्हणजे रुसवा. मूल संध्याकाळी एकटे फिरायला निघाले, की इकडे घरात काळजी सुरू होते आणि तिकडे मुलाला आपल्यावर विश्वास नाही असे वाटते. तुम्ही दोन्हीकडच्या घरांत राहिलेले आहात, म्हणून हे समजावून सांगायला तुमच्याइतके योग्य कोणी नाही. मुलाशी वेगळे बोला, यजमान काका-काकूंशी वेगळे बोला. त्यांच्या घरचे नियम बदलायला मात्र जाऊ नका. नियमामागचे कारण मुलाला सांगा, आणि नियम खरोखर जाचक वाटला तर कौन्सेलरच्या कानावर घाला.

५. मधल्या महिन्यांची काळजी घ्या

पहिल्या महिन्यात सर्वांना उत्साह असतो आणि शेवटच्या महिन्यात निरोपसमारंभांना गर्दी होते. दुर्लक्ष होते ते मधल्या काळात. दिवाळीची सुट्टी संपते, शाळेतल्या मुलांना परीक्षांचे वेध लागतात, अकरावीचा वर्ग क्लासच्या वेळापत्रकामुळे रिकामा असतो आणि बोलायला कोणी उरत नाही. त्यातच नाताळ येतो. ख्रिस्ती घरातून आलेल्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदाच तो दिवस घरापासून दूर काढलेला असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक इनबाउंडला प्रत्यक्ष भेटण्याचे ठरवा. मोठा कार्यक्रम नको. चहा, त्याच्या घरी बनतो तसा एखादा पदार्थ बनवण्याची खटपट आणि दोन तास मोकळ्या गप्पा पुरतात.

बहुतेक ठिकाणी वर्षभरात एकापेक्षा अधिक घरे बदलतात. पहिल्या घराची नुकती सवय झालेली असताना दुसऱ्या घरी जाणे अनेकांना पहिल्या स्थलांतराइतकेच जड जाते. घर बदलल्यानंतरच्या आठवड्यात एक फोन आणि पंधरा दिवसांनी एक भेट, एवढा नेम पाळा.

‘कसे चालले आहे?’ या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर येते. त्याऐवजी नेमके विचारा: काल रात्री किती वाजता झोपलास, शाळेत डबा कोणासोबत खाल्लास, घरच्यांशी आठवड्यातून किती वेळा बोलतेस. दिवसातले अनेक तास मायदेशी व्हिडिओ कॉलवर जात असतील, झोप उडाली असेल किंवा डबा रोज एकट्याने खाल्ला जात असेल, तर कौन्सेलरला त्याच दिवशी सांगा. मानसिक आरोग्यासाठी शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे, पण ती कौन्सेलर आणि डॉक्टरांची जागा घेत नाही.

६. मैत्रीची मर्यादा

युथ एक्स्चेंजमधल्या प्रत्येकाला ‘चार डी’, म्हणजे मनाई असलेल्या चार गोष्टी पाठ असतात: ड्रिंकिंग, ड्रग्ज, ड्रायव्हिंग, डेटिंग. हे नियम इनबाउंडसाठी आहेत, आणि त्यांच्यासोबत असताना ते रोटेक्सच्या सभासदांनाही तितकेच लागू आहेत असे माना. वयात दोन-तीन वर्षांचेच अंतर असल्यामुळे प्रेमसंबंधाची शक्यता नाकारण्यात अर्थ नाही; वर्षाच्या पहिल्या बैठकीतच सर्वांसमोर स्पष्ट सांगा की इनबाउंडशी असे संबंध ठेवणाऱ्याला गटात राहता येणार नाही. कार्यक्रमाच्या ठिकाणी मद्य नको, मग तिथे ज्येष्ठ रोटेरियन असोत वा नसोत. मुलाला दुचाकीवर मागे बसवून नेतानाही हेल्मेट आणि घरच्यांची परवानगी दोन्ही हवीत.

७. गंभीर तक्रार कानावर आली तर

हा भाग शांतपणे दोनदा वाचा. एखाद्या मुलाने छळ, लैंगिक त्रास किंवा मारहाण झाल्याचे सांगितले, तर पुढील क्रम पाळा.

ऐका, उलटतपासणी घेऊ नका. ‘खरंच असं झालं का?’ हा प्रश्न विचारू नका. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. ‘तुला मदत करू शकणाऱ्यांनाच सांगेन’ असे म्हणा. मूल सुरक्षित जागी आहे ना, याची आधी खात्री करा. मुलाचे शब्द, तारीख आणि वेळ त्याच दिवशी लिहून ठेवा.

त्यानंतर ताबडतोब कळवा. भारतात अठरा वर्षांखालील कोणतीही व्यक्ती, ती परदेशी असली तरी, लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ म्हणजेच पोक्सो कायद्याच्या संरक्षणाखाली येते. या कायद्याच्या कलम १९ नुसार अपराधाची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे आणि न दिल्यास शिक्षा होऊ शकते. बालकांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे आणि तातडीच्या मदतीसाठी ११२. डिस्ट्रिक्ट समितीलाही त्याच वेळी कळवा, कारण रोटरी इंटरनॅशनलला ७२ तासांच्या आत माहिती देण्याचे बंधन डिस्ट्रिक्टवर असते. ‘क्लबची बदनामी होईल, आपण आपसांत मिटवू’ असे कोणी कितीही अधिकाराने सांगितले, तरी थांबू नका. मुलाचे नाव गटातल्या इतर सभासदांनाही सांगू नका.

प्रत्येक इनबाउंडजवळ आपत्कालीन संपर्काची यादी असते आणि तिच्यात रोटरीबाहेरच्या एक स्त्री व एक पुरुष अशा, परस्परांशी नाते नसलेल्या दोन व्यक्तींची नावे असायला हवीत. ती यादी मुलाकडे खरोखर आहे का, क्रमांक चालू आहेत का, हे सप्टेंबरमध्येच पाहून घ्या.

८. आउटबाउंड मुलांची तयारी

इथे तुमचा उपयोग पालकांना सर्वांत जास्त होतो. पासपोर्टची मुदत आधी तपासायला सांगा. अल्पवयीनांचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच चालतो. परदेशात असतानाच अठरावा वाढदिवस येणार असेल तर पासपोर्ट मध्येच संपतो. १५ ते १८ वयातील अर्जदाराला दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो आणि तोच घ्यावा. अमेरिकेला जाणाऱ्यांना जे-१ व्हिसा आणि त्यासाठी डीएस-२०१९ हा फॉर्म लागतो. काही देश जन्मदाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य ठरावा यासाठीचे सरकारी प्रमाणीकरण मागतात, त्याला वेळ लागतो.

शिक्षणाचा प्रश्न टाळू नका. अकरावीचा प्रवेश राहील का, बारावीचे वर्ष कधी, नीट किंवा जेईईची तयारी कशी, हे पालकांच्या मनात असतेच. कनिष्ठ महाविद्यालयाकडून जाण्यापूर्वीच लेखी उत्तर घ्यायला सांगा. तोंडी आश्वासनावर जाऊ नये. ‘एक वर्ष वाया जात नाही’ असे ठाम सांगण्यापेक्षा तुमचे स्वतःचे वर्ष कसे भरून निघाले आणि काय कठीण गेले, ते दोन्ही सांगा.

मुलांसोबत एक सराव जरूर घ्या: दहा मिनिटांत आपल्या गावाची ओळख करून देणे. ताजमहाल आणि बॉलिवूड सर्वांनाच येते. वारी, हुरडा, आपल्या गावची जत्रा, आजीच्या घरचा सोपा यांविषयी बोलता आले, तर समोरचे खरोखर ऐकतात.

९. परतलेल्यांना वाऱ्यावर सोडू नका

जुलैमध्ये परतलेल्या मुलाचे पहिल्या आठवड्यात कौतुक होते. पुढच्या महिन्यात त्याचे जुने मित्र पुढच्या वर्गात गेलेले असतात, त्याचे बोलणे दर वाक्याला ‘आमच्याकडे तिकडे…’ असे सुरू होते आणि घरचे वैतागतात. ही मुले स्वतःहून येत नाहीत. त्यांना ऑगस्टमध्ये येणाऱ्या इनबाउंडच्या स्वागताचे नेमके काम द्या, म्हणजे त्यांच्या आठवणींना ऐकणारा कोणी मिळतो आणि पुढच्या वर्षीचा गटही तयार होतो.

१०. पद सोडण्याची तयारी पहिल्या दिवसापासून

कॉलेज संपले की तुम्ही नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाल, म्हणून एप्रिलमध्येच पुढच्या प्रमुखाचे नाव समितीला सुचवा आणि मे-जूनमध्ये त्याच्यासोबत जोडीने काम करा. सुपूर्द करायच्या गोष्टी अशा: सभासदांची यादी आणि पडताळणीची स्थिती, क्लब व डिस्ट्रिक्टमधील संपर्क, जमाखर्चाच्या पावत्या, वर्षभराचे वेळापत्रक, आणि ईमेल व समाजमाध्यमांचे पासवर्ड. विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक कागदांच्या ज्या प्रती तुमच्या फोनमध्ये राहिल्या असतील, त्या नव्या प्रमुखाला न देता समितीला विचारून पुसून टाका. व्हॉट्सॲप समूहाचे ॲडमिनपद ३० जूनला द्या आणि १ जुलैपासून मुलांच्या प्रश्नांना नव्या प्रमुखाचा क्रमांक पाठवत जा.